न्हावा शेवा ते रॉटरडॅम: द्राक्षांचा रीफर कंटेनर स्वतः पाठवायचा तर

जानेवारी उजाडला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात एकच प्रश्न ऐकू येतो: युरोपचं भाडं काय चाललंय? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. खरेदीदाराला माल कोणत्या आठवड्यात हवा आहे आणि त्यासाठी आपला रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर, बंदराच्या गेटमधून कोणत्या दिवशी आत जायला हवा, हे आधी ठरवायचं. भाड्यात दोनशे डॉलर वाचले आणि माल आठवडाभर उशिरा पोहोचला, तर देठ सुकलेले असतात, तिकडचा बाजार दुसऱ्या देशाच्या मालाने भरलेला असतो आणि वाचलेल्या दोनशे डॉलरना काही अर्थ राहत नाही. म्हणून तारखेपासून उलटं मोजत जाऊ या.

हा लेख पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर कंटेनर पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि छोट्या निर्यातदारांसाठी आहे. हळद, बेदाणे किंवा यंत्राचे सुटे भाग साध्या कंटेनरमधून पाठवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. त्यांनी थंडीचा भाग सोडून वाचावा.

हंगामाआधी हातात हवीत ती कागदं

डीजीएफटीकडून, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून, आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. तो काढला की काम संपत नाही, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती ऑनलाइन तपासून पुष्टी करावी लागते. ते राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे बहुतेकांना ऐन शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सचा निर्यात अर्ज, भरताना कळतं. निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड न्हावा शेवाच्या कस्टम्सकडे आइसगेट या पोर्टलवर नोंदवलेला हवा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दाखल केलेलं हवं. द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, सदस्य नोंदणीही लागते.

युरोपसाठी याहून मोठी तयारी शेतात असते. बाग ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत, नोंदवलेली हवी आणि काढणीआधी त्या प्लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत औषधांच्या उर्वरित अंशांसाठी तपासलेला हवा. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. तो फटका ज्यांनी जवळून पाहिला, ते आजही अहवालात नसलेल्या प्लॉटचा एक क्रेटसुद्धा पॅकहाऊसमध्ये घेत नाहीत. तुम्हीही घेऊ नका. त्या एका क्रेटपायी बाकीच्या सगळ्या शेतकऱ्यांचा माल पणाला लागतो.

खरेदीदाराशी आधी ठरवा: कोण कुठपर्यंत

आपल्याकडे सवयीने सगळे एफओबी बोलतात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. पण कंटेनर आपण टर्मिनलच्या ताब्यात देतो आणि जहाज त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लागतं. त्या मधल्या दिवसांत यार्डात रीफरचा विजेचा प्लग निघाला तर नुकसान तुमचं, आणि तिथे तुमचा काडीचाही ताबा नसतो. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट जास्त योग्य आहे, तिच्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपते. इनकोटर्म्सच्या, म्हणजे या व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय, नियमांतही कंटेनरसाठी हाच सल्ला दिलेला आहे. भाडं तुम्ही भरणार असाल तर सीपीटी, आणि विमाही तुम्हीच काढणार असाल तर सीआयपी. खरेदीदार सीएफआर (भाडं तुमचं) किंवा सीआयएफवरच (भाडं आणि विमा तुमचा) अडून बसला तर करार तसा करा, पण जोखीम कुठे बदलते हे दोघांनाही ठाऊक असू द्या.

विमा याच टप्प्यावर ठरवायचा, जहाज सुटायच्या दिवशी नाही. सीआयएफमध्ये विक्रेत्यावर किमान बंधन आहे ते बीजक किमतीच्या ११० टक्क्यांच्या आणि क्लॉज ‘सी’ या मानक विमा कलमांच्या विम्याचं. क्लॉज ‘सी’मध्ये जहाज बुडणं, आग, टक्कर असे मोठे अपघात येतात. रीफर बंद पडून द्राक्षं खराब झाली तर त्यात काहीही मिळत नाही. त्यामुळे जास्त व्यापक असलेला क्लॉज ‘ए’ घ्या आणि शीतयंत्रणा बंद पडण्याचं संरक्षण त्यात वेगळं लिहून घ्या. युद्ध आणि संप यांची कलमंही वेगळी जोडावी लागतात. एवढं करूनही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: क्लॉज ‘ए’सुद्धा निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान भरून देत नाही. उशिराची जोखीम विम्यावर ढकलता येत नाही. ती जहाज निवडतानाच कमी करावी लागते.

जहाज निवडताना

सुएझमार्गे न्हावा शेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे साडेसहा हजार सागरी मैल आहे. आफ्रिकेला वळसा घातला तर ते दहा हजारांच्या पुढे जातं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून बहुतेक मोठ्या लाईन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. परिस्थिती हंगामागणिक बदलते. म्हणून दर मागताना “ट्रान्झिट किती दिवस?” एवढंच विचारून थांबू नका. हे जहाज सुएझमधून जाणार की केपवरून, ते लेखी विचारा.

दुसरा प्रश्न: थेट सेवा आहे की मध्ये कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवणार? कोलंबो, सलालाह यांसारख्या बंदरांत ट्रान्सशिपमेंट होतं. कागदावर ते तीन दिवसांचं असतं, पण जोडजहाज चुकलं तर कंटेनर तिथे आठवडाभर पडून राहू शकतो. द्राक्षांसाठी थेट सेवा थोडी महाग असली तरी मी तीच निवडायला सांगेन. बेदाण्यासारख्या टिकाऊ मालाला ट्रान्सशिपमेंट चालतं, तिथे पैसे वाचवा.

लाईनकडे थेट जायचं की फॉरवर्डरमार्फत, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत? वर्षाला पाच-दहा कंटेनर करणाऱ्याने फॉरवर्डर धरावा. जहाजावर रीफरसाठी प्लग मोजकेच असतात आणि हंगामात ते आधी करार असलेल्यांकडे जातात. छोट्या निर्यातदाराला त्या करारातली जागा फॉरवर्डरच मिळवून देऊ शकतो. निवडताना त्याचं ऑफिस केवढं आहे हे बघू नका. गेल्या हंगामात त्याने याच मार्गावर किती रीफर पाठवले आणि त्यातले किती रोलओव्हर झाले, म्हणजे ठरलेल्या जहाजावरून मागे राहिले, ते विचारा. प्रामाणिक माणूस आकडा सांगतो.

दर मागवण्याची रीत

“एक कंटेनर युरोप, रेट सांगा” असा फोन केला की उत्तरही तितकंच मोघम येतं. चौकशी लेखी करा आणि तिच्यात एवढं लिहा: एक ४० फुटी हाय क्यूब रीफर, ताजी द्राक्षं, एचएस कोड (मालाचा कस्टम्स वर्गीकरण क्रमांक) ०८०६१०, एकूण वजन, तापमान उणे ०.५ अंश सेल्सिअस, हवा बदलण्याच्या झाकणाची सेटिंग, स्टफिंगचं, म्हणजे माल भरण्याचं, ठिकाण, न्हावा शेवाहून कोणत्या आठवड्यात निघायचं, रॉटरडॅमला कोणत्या तारखेपर्यंत पोहोचायचं, भाडं प्रीपेड (इकडे भरायचं) की कलेक्ट (तिकडे भरलं जाणार).

तापमान आकड्यात आणि अक्षरात असं दोन्हीकडे लिहा. उणे चिन्ह टंकताना गळतं, आणि “०.५” व “उणे ०.५” यांच्यामधला फरक शेवटी देठांवर दिसतो.

कोटेशन आलं की त्यातल्या ओळी वेगळ्या करा. समुद्राचं भाडं, इंधन अधिभार, इकडचा टीएचसी म्हणजे टर्मिनल हाताळणीचा खर्च, तिकडचा टीएचसी, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढल्याच्या कागदाचा) खर्च, सील, व्हीजीएम म्हणजे वजनाचा दाखला, प्लगचं वीजभाडं, ट्रेलर आणि वाटेत रीफरला वीज देणारा जेनसेट, सीएचए म्हणजे कस्टम्स एजंटची फी. दोन फॉरवर्डरांच्या दरांची तुलना बेरजेवर करू नका. एकाने तिकडचा टीएचसी धरलेला असतो, दुसऱ्याने नसतो. दर किती तारखेपर्यंत वैध आहे आणि ती तारीख बुकिंगची की जहाज सुटण्याची, हेही विचारा. मध्येच पीक सीझनचा अधिभार लागला तर तो कोणाच्या माथी, ते आधीच बोललेलं बरं.

त्यानंतर फ्री डेज. रॉटरडॅमला कंटेनर टर्मिनलमध्ये ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेलेला रिकामा कंटेनर वेळेत परत आला नाही तर डिटेन्शन. रीफरला हे मोफत दिवस साध्या कंटेनरपेक्षा कमी मिळतात, दर जास्त लागतो आणि प्लगचं वीजभाडं वेगळं. बुकिंगच्या वेळी दोन-तीन दिवस वाढवून मागितले तर बऱ्याचदा मिळतात. माल पोहोचल्यावर मागाल तर मिळणार नाहीत.

बुकिंग झालं, आता उलटी मोजणी

बुकिंग कन्फर्मेशनवर जहाजाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या असतात त्या कटऑफच्या, म्हणजे शेवटच्या मुदतीच्या, वेळा: गेट कटऑफ, शिपिंग इन्स्ट्रक्शनचा (बीएलसाठी लाईनला द्यायच्या माहितीचा) कटऑफ, व्हीजीएमचा कटऑफ. त्या भिंतीवर लावा. न्हावा शेवाला एकाहून जास्त टर्मिनल आहेत, तेव्हा आपलं जहाज कोणत्या टर्मिनलला लागणार तेही बघा. ट्रेलर चुकीच्या रांगेत उभा राहिला की तासच्या तास जातात.

समजा जहाज रविवारी सुटणार आणि गेट कटऑफ शुक्रवारी रात्री आहे. ट्रेलर शुक्रवारी सकाळी बंदराच्या भागात हवा, म्हणून पॅकहाऊसमधून तो गुरुवारी संध्याकाळी निघायला हवा. फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोगांची, तपासणी आणि स्टफिंग गुरुवारी दिवसा. पॅकहाऊसला एका कंटेनरचा माल गोळा करून थंड करायला दोन दिवस लागत असतील, तर काढणी मंगळवारी सकाळी सुरू. रिकामा रीफर बुधवारी रात्रीपर्यंत दारात. उर्वरित अंशांचा अहवाल त्याच्या कितीतरी आधी हातात. या साखळीत एक दिवसाची फट मुद्दाम ठेवा. कसारा घाट बंद पडतो, पाऊस येतो, सर्व्हर बसतो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून घाटाला एक पर्याय आहे, पण उरणजवळची गर्दी त्यानेही टळत नाही.

फार लवकर पोहोचणंही बरं नाही. टर्मिनल जहाजाआधी ठरावीक दिवसच कंटेनर घेतं. त्याआधी गेलात तर जेनसेटचं डिझेल जाळत बाहेर उभं राहावं लागतं.

रिकामा रीफर आल्यावर

इथे घाई करू नका, कारण सगळा खेळ इथे ठरतो. सोबत पीटीआयचा दाखला मागा. रीफरचं यंत्र तपासल्याचा तो पुरावा असतो. बाजूवरचा क्रमांक बुकिंगशी जुळवा: चार अक्षरं आणि सात अंक. आत शिरून दार बाहेरून लावून घ्या आणि कुठून उजेड दिसतो का पाहा. जिथून उजेड येतो तिथून गरम हवाही येणार. दाराचं रबर, जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्या, पाणी निचऱ्याची भोकं, आधीच्या मालाचा वास, सगळं बघा. मासळीचा वास येत असेल तर कंटेनर परत पाठवा. कितीही घाई असो, परत पाठवा. प्रत्येक गोष्टीचा तारीख-वेळेसह फोटो काढा.

आता अनेकांना सांगूनही न पटणारी गोष्ट: रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. त्याची हवा आणि ताकद तेवढ्याच कामासाठी आखलेली असते. गर अजून आठ अंशांवर असलेली द्राक्षं भरली, तर पेट्यांच्या मधोमध ती उष्णता कित्येक दिवस राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. काढणी सकाळच्या गारव्यात, त्यानंतर लवकरात लवकर प्री-कूलिंग, आणि गराचं तापमान शून्याच्या आसपास उतरल्याखेरीज लोडिंग नाही. तापमापकाची सुई मण्यात घालून, वेगवेगळ्या पॅलेटमधले मणी मोजा आणि वहीत लिहा. खोलीच्या भिंतीवरचा आकडा हवेचा असतो, द्राक्षाचा नसतो.

४० फुटी रीफरमध्ये १ बाय १.२ मीटरची २० पॅलेट नीट बसतात. ५०० ग्रॅमच्या दहा पनेटच्या (छोट्या डब्यांच्या) पेट्या धरल्या तर साधारण तेराएक टन द्राक्षं होतात. रीफरमध्ये गार हवा खालून, त्या टी पट्ट्यांमधून येते, मालातून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत जाते. त्यामुळे तीन गोष्टी सांभाळा. पेट्यांची भोकं एकावर एक जुळायला हवीत. जमीन कुठे उघडी राहिली तर हवा सोपी वाट धरून तिथूनच निघून जाते, तेव्हा दारापाशी उरलेली जागा पुठ्ठ्याने झाका. आणि आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको. दोन पेट्या जास्त बसवायच्या मोहात ती रेषा ओलांडली तर परतीची हवा अडते.

लोडिंग चालू असताना यंत्र बंद ठेवा. दार उघडं असताना ते चालू ठेवलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. पॅकहाऊसच्या दाराला कंटेनर घट्ट लागेल असा डॉक असेल तर उत्तमच. तापमान नोंदवणारे लॉगर दोन तरी ठेवा, एक पुढच्या भागात आणि एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये, आणि त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहा. पॅलेट लाकडी असतील तर प्रत्येकावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिल्याची ती खूण असते. ती नसेल तर द्राक्षं कितीही चांगली असोत, माल अडतो.

सील, वजन, कस्टम्स

स्वतःच्या पॅकहाऊसमध्ये स्टफिंग करून आरएफआयडी ई-सील लावण्याची परवानगी कस्टम्सकडून आधीच घेऊन ठेवा. नसेल तर कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कस्टम्स तपासणीच्या यार्डात, जातो. तिथे दार उघडावं लागलं तर घरी राखलेली थंडी उरणच्या उन्हात जाते.

१ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, दिल्याशिवाय कोणताही कंटेनर जहाजावर चढत नाही. एक तर भरलेला कंटेनर काट्यावर करा, किंवा माल, पेट्या, पॅलेट यांचं वजन करून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवा. काट्यावर करताना ट्रेलर, जेनसेट आणि टाकीतलं डिझेल वजा करायला विसरू नका.

सीएचए शिपिंग बिल भरतो. त्याला बीजक, पॅकिंग लिस्ट, ॲगमार्क प्रमाणपत्र आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र एकाच वेळी द्या, तुकड्यातुकड्याने नको. खरेदीदाराचं नाव, पेट्यांची संख्या, निव्वळ वजन आणि कंटेनर क्रमांक हे सगळीकडे अक्षरशः सारखे हवेत. एका कागदावर २,८०० पेट्या आणि दुसऱ्यावर २,७९८ असतील तर तिकडचा अधिकारी विचारणारच, आणि त्याने विचारणं बरोबरच आहे. लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाली की कस्टम्सचं काम झालं.

युरोपसाठी आणखी एक पायरी असते. तिथल्या कस्टम्सच्या आयसीएस-२ या आगाऊ माहितीच्या व्यवस्थेत मालाची माहिती कंटेनर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी जावी लागते. त्यात सहा अंकी एचएस कोड, मालाचं नेमकं वर्णन आणि खरेदीदाराचा ईओआरआय, म्हणजे युरोपीय कस्टम्सकडचा नोंदणी, क्रमांक लागतो. “फ्रूट” एवढं लिहून चालत नाही. ही माहिती शिपिंग इन्स्ट्रक्शनमधूनच जाते, म्हणून तो कटऑफ चुकवू नका.

बीएल

लाईनकडून बीएलचा मसुदा आला की चहा बाजूला ठेवून ओळीओळीने वाचा. कन्साइनी (माल घेणारा), नोटिफाय पार्टी (माल आल्यावर ज्याला कळवायचं तो), सील क्रमांक, तापमान, प्रीपेड की कलेक्ट. जहाज सुटल्यावर केलेल्या दुरुस्तीला पैसे लागतात.

मूळ बीएलचा तीन प्रतींचा संच हा मालाच्या मालकीचा कागद असतो. पैसे आल्याशिवाय तो खरेदीदाराकडे पाठवू नका, बँकेमार्फत पाठवा. जुना, विश्वासाचा खरेदीदार असेल तर टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडण्याचा निरोप) किंवा सी वेबिल (मालकीचा कागद नसलेली वाहतुकीची पावती) सोयीचं पडतं, कारण कुरिअरची वाट बघत माल थांबत नाही. पण सी वेबिल दिलं की माल तुमच्या हातातून गेला. नव्या खरेदीदाराने “सगळे सी वेबिलवरच देतात” असं सांगितलं तरी पहिल्या व्यवहारात निदान काही रक्कम आधी घ्या. आपल्याकडे कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकला जाईल त्या भावाने, बराच माल जातो. तसं करायचंच असेल तर किमान हमी भाव लेखी हवा.

जहाज समुद्रात असताना आणि पोहोचल्यावर

लाईनच्या संकेतस्थळावर कंटेनर क्रमांक टाकून आठवड्यातून दोनदा तरी बघा. ट्रान्सशिपमेंट असेल तर कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढला का, याची खात्री करा. बऱ्याच लाईन्स रीफरचं तापमान दूरवरून दाखवण्याची सोय देतात. ती बुकिंगच्या वेळीच मागून घ्या.

रॉटरडॅमला माल लागण्याआधी तुमच्या खरेदीदाराने किंवा त्याच्या एजंटने युरोपीय संघाच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत सीएचईडी-पीपी, म्हणजे वनस्पतिजन्य मालाच्या आगमनाची पूर्वसूचना, भरलेलं असायला हवं. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात द्राक्षांना फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र सक्तीचं आहे. नेदरलँड्समध्ये फळांची तपासणी केसीबी ही संस्था करते. जहाज पोहोचायच्या चार-पाच दिवस आधी खरेदीदाराला विचारा: पूर्वसूचना गेली का, तपासणीची वेळ मिळाली का, कागद पोहोचले का? बहुतेक डेमरेज याच चौकशीअभावी लागतं.

कंटेनर उघडताना खरेदीदाराने सील क्रमांकाचा, दार उघडल्याबरोबरचा आणि प्रत्येक पॅलेटच्या गराच्या तापमानाचा फोटो काढावा, अशी अट करारातच घाला. माल खराब निघाला तर लाईनला लेखी सूचना लगेच द्यायची. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी डिलिव्हरीपासून तीन दिवसांच्या आत. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवून संयुक्त सर्व्हे मागा. माल परस्पर विकू किंवा फेकू देऊ नका. लॉगर काढून त्यातली नोंद उतरवून घ्या आणि रीफरच्या स्वतःच्या नोंदी लाईनकडे लेखी मागा. लोडिंगच्या दिवशी वहीत लिहिलेली गराची तापमानं आणि रिकाम्या कंटेनरचे फोटो इथे कामाला येतात, कारण लाईनचं पहिलं उत्तर “माल गरमच भरला होता” असं असतं. लाईनवर दावा लावायची मुदत डिलिव्हरीपासून एक वर्षाची आहे. बोलणी रेंगाळू लागली तर ती मुदत लेखी वाढवून घ्या.